चारचा चहा बसून घ्या!

मैत्रिणींनो, हल्ली निरोपसमारंभाच्या, वाढदिवसाच्या निमंत्रणांत ‘हाय टी’ हे शब्द सर्रास दिसतात. वाचताना वाटतं, हा काहीतरी साहेबी थाटाचा, उंची चहा असणार. खरी गोष्ट उलटीच आहे, बरं का! इंग्लंडात ‘हाय टी’ म्हणजे गिरण्या-खाणींत राबून संध्याकाळी घरी आलेल्या कामकऱ्यांचं जेवण. पाव, मांस, चीज आणि सोबत किटलीभर कडक चहा. श्रीमंतांचा चहा निराळा. तो दुपारी चारचा.

त्याची कथा अशी सांगतात. १८४० च्या सुमारास तिथल्या बड्या घरांत रात्रीचं जेवण फार उशिरा होऊ लागलं होतं. बेडफर्डची डचेस ॲना हिच्या पोटात दुपारीच कावळे ओरडू लागत. तिने आपल्या खोलीत चहा आणि लोणी-पाव मागवायला सुरुवात केली. मग मैत्रिणींनाही बोलावू लागली आणि चाल पडली. किटलीवर टीकोझी, काकडीची पातळ सँडविचेस, ‘स्कोन’ नावाचे मऊ पाव, त्यावर साय आणि जॅम. राबायला नोकरचाकर होते, हे खरंच. पण चहा ओतायचा मान घरच्या बाईचा, आणि ती तो बसून ओतायची. स्वतःचाही कप भरायची.

आता तिकडे हे सगळं राहिलंय का? रोजच्या घरात जवळजवळ नाहीच. नवरा-बायको दोघं नोकरीवर, चार वाजता घरी असणार कोण? मगात चहाची पुडी, वर उकळतं पाणी, थोडं दूध, एखादं बिस्किट, की झालं. तो जुना थाट उरलाय हॉटेलांत, वाढदिवसापुरता नाहीतर पाहुण्या प्रवाशांपुरता. इंग्लंडच्या उत्तर भागात मात्र संध्याकाळच्या जेवणाला अजून ‘टी’च म्हणतात.

आणि आपण? १८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये चहा घेतला म्हणून केवढं वादळ उठलं होतं! रानडे-टिळकांसारख्यांनाही प्रायश्चित्त घ्यावं लागलं. रमाबाई रानडे यांनी आपल्या आठवणींत त्याबद्दल लिहिलंय. आज पाहा, खान्देशात मे महिन्याच्या उन्हात अंगाची लाही होत असली तरी चारला आधण चढतंच. दारी आलेला माणूस चहाशिवाय परत जात नाही. मुलगी पाहायचा कार्यक्रमसुद्धा चहाच्या ट्रेवाचून होत नाही.

साहेबाचा चहा आपण उचलला, त्यात दूध-साखर, आलं, गवती चहा घालून पार आपलासा केला. त्यातलं घरच्या बाईचं बसणं तेवढं मागे राहिलं. शाळेत मधल्या सुट्टीत आम्ही शिक्षिका बसून गरम चहा घेतो. घरी मात्र एकाला बिनसाखरेचा, एकाला आल्याचा, एकाला कडक, असं करता करता आपला कप ओट्यावर गार होतो. मग तो उभ्यानेच घशाखाली ओतायचा. तुमच्याकडेही हेच ना?

म्हणून एक करून पाहा. आठवड्यातून दोनदा तरी चहा किटलीत करा. किटली आधी गरम पाण्याने विसळा. माणशी एक चमचा पत्ती, त्यावर उकळतं पाणी. झाकून ठेवा. दाणेदार पत्ती दोन-तीन मिनिटांत उतरते, पानांच्या पत्तीला चार-पाच मिनिटं द्या. गरम दूध, साखर, किसलेलं आलं वेगवेगळ्या भांड्यांत मांडा. ज्याने त्याने आपल्या चवीचं मिसळून घ्यावं. टीकोझी नसेल तर जाड नॅपकिन गुंडाळा. सोबत खारी, टोस्ट, नाहीतर घरचा चिवडा, एवढं पुरे.

आणखी एक. जेवणाबरोबर किंवा जेवल्या जेवल्या चहा नको. अन्नातलं लोह अंगी लागायला तो अडथळा करतो आणि बायकांना तर लोहाची गरज जास्त. मध्ये निदान तासभर जाऊ द्या. त्या दृष्टीने चारची वेळ छानच.

पहिल्या दिवशी घरचे म्हणतील, “हे काय नवीन?” म्हणू देत. कप मांडा, खुर्ची ओढा, बसा आणि मग ओता. कोणाला आणखी साखर हवी असेल, तर डबा कुठे आहे ते बसल्या जागेवरून सांगा.