पहिलीचा वर्ग आज पाळण्यात आहे

मैत्रिणींनो, आज पापडाचा खार नाही की डाग काढायची युक्ती नाही. आज छताविषयी बोलायचं आहे. घराच्या नव्हे, शाळेच्या.

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. यवतमाळ भागातल्या एका शाळेत मी अर्धवेळ शिकवते. नाव नको, कारण तशा शाळा कितीतरी आहेत. मधली सुटी झाली, पोरं खिचडीच्या रांगेकडे पळाली, मी फळा पुसत होते. मागे धप्पकन आवाज झाला. वळून पाहते तो ताटाएवढा छताचा पोपडा दुसऱ्या बाकावर येऊन पडलेला. बाकावर फक्त एक दप्तर होतं. त्यातली पाण्याची बाटली पार चेपली होती.

हातपाय कापले ते नंतर. आधी आठवलं ते हे, की तिथे ओल आहे हे मला तीन वर्षांपासून ठाऊक होतं. पहिल्या वर्षी आम्ही बाक सरकवला. दुसऱ्या वर्षी खाली बादली ठेवली. तिसऱ्या वर्षी मुलं वाढली म्हणून बाक पुन्हा होता तिथे आणला. स्वतःच्या स्वयंपाकघरात मी हे चालवून घेतलं असतं का हो? त्या रात्री घरात कुणाशी धड बोलले नाही.

ही काही माझ्या मनाची भीती नव्हे. 2017 च्या ऑगस्टमध्ये अहमदनगरजवळ (आताचं अहिल्यानगर) निंबोडीच्या जिल्हा परिषद शाळेचं छत कोसळून तीन मुलं गेली. 25 जुलै 2025 ला राजस्थानात झालावाड जिल्ह्यातल्या पिपलोदीच्या सरकारी शाळेत सात गेली. दोन्ही वेळा दिवस पावसाचेच. स्लॅब असा एका दिवसात बिघडत नाही. पन्हाळ पाल्यानं तुंबतं, गच्चीवर पाणी साचतं, ते आत मुरतं, सळईला गंज चढतो. गंजलेली सळई फुगते आणि खालचा थर ढकलून पाडते. आपल्या विदर्भात आणखी एक गोम आहे. मृग लागतो 7 जूनच्या सुमारास आणि शाळा उघडते जूनच्या शेवटी शेवटी. म्हणजे पहिला पाऊस कुलूपबंद शाळेवर पडतो. घरी आपण मृगाआधी गच्ची झाडतो, कवेलू फेरतो. शाळेची गच्ची कोण झाडणार?

मुख्याध्यापक म्हणाले, "प्रस्ताव पाठवलाय." खरंच पाठवला होता. पण तो एका खोलीचा, एका दुरुस्तीचा. पुढच्या पाच-दहा वर्षांत ही शाळा केवढी होणार, हे त्यात कुठेच नव्हतं. अन् ते विचारायचं काम कुणाचं, हे शोधायला गेले तर ते आपलंच निघालं!

शिक्षण हक्काचा कायदा 2009 चा, लागू झाला 1 एप्रिल 2010 पासून. त्यात शाळा व्यवस्थापन समिती आहे. तिच्यात तीन चतुर्थांश पालक आणि एकूण सदस्यांत निम्म्या बायका हव्यात. या समितीनं शाळेचा विकास आराखडा करायचा, तीन वर्षांचा, आणि त्यात दरवर्षीचा वेगळा. किती मुलं येतील, किती शिक्षक लागतील, किती खोल्या, काय सामान, सगळं त्यात मांडायचं. मी स्वतः पालक म्हणून अशा समितीत दोन वर्षं होते. काय केलं? सह्या केल्या, चहा घेतला, घरी आले.

मुलं किती येतील हे कसं कळणार, असं वाटेल. अहो, पुढच्या पाच वर्षांत पहिलीत बसणारी मुलं आजच जन्मलेली आहेत. अंगणवाडी ताईंच्या रजिस्टरमध्ये त्यांची नावं आहेत. एक दुपार तिच्याजवळ बसून वर्षवार आकडे उतरवून घ्या. मग कायद्याचा हिशेब लावा: पहिली ते पाचवीत 60 पर्यंत मुलं असतील तर दोन शिक्षक, 61 ते 90 ला तीन, 91 ते 120 ला चार, त्यापुढे 200 पर्यंत पाच, आणि प्रत्येक शिक्षकामागे किमान एक खोली. समजा आज 85 मुलं आहेत आणि तीन वर्षांनी 125 होणार. म्हणजे तीन खोल्यांच्या जागी पाच. हे आज लिहिलं तर तेव्हा मिळायची आशा. नाहीतर दोन वर्ग व्हरांड्यात.

आकडा उतरताही असतो, तोही लिहावा. 2023 मध्ये राज्यानं 20 पेक्षा कमी पटाच्या शाळांसाठी समूह शाळांचे प्रस्ताव मागवले होते. पानशेत आणि तोरणमाळची उदाहरणं दिली होती. लहानग्याला दूर पाठवायचं तर वाहन कुठलं आणि पावसात नाला लागतो का, हे गावातली आईच सांगू शकते.

आमचं लोहारा मात्र वाढणारं. यवतमाळला अगदी लागून. एमआयडीसी झाली, शेतांमध्ये लेआउट पडले, आणि आता गाव कुठे संपतं अन् शहर कुठे लागतं, सांगता येत नाही. प्लॉट घेताना आपण पाणी पाहतो, रस्ता पाहतो, पूर्व-पश्चिम तर पाहतोच पाहतो. शाळेची जागा कुठे, हे किती जणी विचारतात? शहराच्या विकास आराखड्यात शाळेसाठी, मैदानासाठी जागा राखून ठेवतात. 1966 च्या नगररचना कायद्याप्रमाणे, आराखडा अंतिम झाल्यापासून 10 वर्षांत ती जागा घेतली नाही तर मालक नोटीस देऊ शकतो. त्यानंतर 24 महिन्यांत जागा घेण्याची पावलं उचलली नाहीत, तर आरक्षण संपतं. एकदा तिथे घरं उभी राहिली की शाळा कुठे नेणार? म्हणून आपल्या भागातलं आरक्षण कुठल्या गटात आहे आणि त्याला किती वर्षं झाली, हे नगरपालिकेत जाऊन विचारा. नवऱ्याला पाठवू नका, स्वतः जा. त्यांना "पाहतो" म्हणून परत यायची सवय असते.

खोली मंजूर झालीच, तर पाया वरच्या मजल्याचा भार धरून घेतला आहे का, हे आधी विचारा. आमच्या घराच्या गच्चीवर बारा वर्षं सळया उभ्या आहेत, वरचा मजला काही झाला नाही; पण पाया तयार आहे हा धीर आहे. आणि धोक्याची खोली पाडायची तर तिचं "निर्लेखन" मंजूर व्हावं लागतं. निर्लेखन आणि नवी खोली या दोन्ही मागण्या जोडीनंच लिहा. जुनी पाडली आणि नवी आलीच नाही, तर मुलं बसतील कुठे?

आता पाण्याचं. कायद्यात मुलामुलींची वेगळी स्वच्छतागृहं आहेत, पिण्याचं पाणी आहे. शाळेत बांधलेलं असतंही. पण एका आईनं मला रस्त्यात गाठून सांगितलं, "बाई, पोरगी शाळेत पाणीच पेत नाही जी. घरी आली का मंग गडवाच्या गडवा पेते. तिथं नळाले पाणी नाही म्हणते." आमच्याकडचा उन्हाळा तुम्हाला ठाऊक आहे. म्हणून आराखड्यात नुसतं "स्वच्छतागृह" लिहू नका. टाकी किती लिटरची, मोटर कुठली, रोज धुणार कोण आणि त्याचा पैसा कुठून, हेही लिहा. समग्र शिक्षेतून शाळेला पटाप्रमाणे वार्षिक अनुदान मिळतं, त्यातला किमान दहावा हिस्सा स्वच्छतेवर घालायचा असतो. त्यात स्लॅब होणार नाही, पण पन्हाळ साफ होईल, मोटरचा वायसर बदलेल.

मार्चअखेरीच्या आत आराखडा वर जायला हवा. म्हणजे दिवाळीचा फराळ संपला की बसायचं. डिसेंबरात मोजमाप, जानेवारीत सह्या. आम्ही पाचजणींनी सुरुवात केली आहे. अंगणवाडीचे आकडे उतरवून झाले, वह्या दोन भरल्या. खोल्या मोजायला शिवणाचा टेप अपुरा पडला, म्हणून लेआउटमधल्या एका मिस्त्रीचा शंभर फुटी टेप मागून आणला आहे. तो शनिवारी परत द्यायचा आहे, आणि पहिली ते तिसरीच्या खोल्या अजून राहिल्या आहेत.