पुण्याला जाणे म्हणजेच पुढे जाणे काय?

रविवारची मिस्सा आटोपली की आमच्या नांदेडच्या चर्चच्या आवारात माणसे घोळक्याघोळक्याने उभी राहतात. प्रकृतीची, पिकापाण्याची, पोराबाळांची विचारपूस होते. “थोरला सध्या कुठे?” या प्रश्नाचे उत्तर ‘पुण्याला’ असे असेल, तर बापाचा आवाज आपोआप चढतो. ‘हैदराबादला’ म्हटले, तर “तिकडे कसा काय गेला?” असा प्रतिप्रश्न येतो. आणि ‘इथेच आहे, नांदेडात’ असे उत्तर असेल, तर आवाज खाली येतो आणि मागाहून एक पुस्ती जोडली जाते: “म्हणजे सध्या. प्रयत्न चालू आहेत.” ही पुस्ती मी गेली अनेक वर्षे ऐकत आलो आहे. प्रसंगी ती मी स्वतःही जोडली आहे. त्या खाली आलेल्या आवाजाशी मला आज भांडायचे आहे.

आपल्या घरांतून एक शिडी ठरून गेलेली आहे. दहावीला गुण बरे पडले की लातूर, बारावी झाली की पुणे, आणि पुण्यात पाय टेकला की बंगळूर नाहीतर परदेश. मूल कोणत्या पायरीवर उभे आहे त्यावरून त्याची आणि त्याच्या आईबापांची किंमत ठरते. गंमत अशी, की याला आपण ‘मुलाने निवडलेले शहर’ असे म्हणतो. वस्तुतः त्या बिचाऱ्याने काहीच निवडलेले नसते. पंधराव्या वर्षी गुणपत्रिकेने निवडले, सतराव्या वर्षी प्रवेशपरीक्षेने निवडले, आणि पुढे शेजाऱ्यांच्या तोंडाने निवडले.

लातूरविषयी मला आकस नाही, उलट आदर आहे. १९८२ साली उस्मानाबादपासून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्याने काही वर्षांतच शिक्षणात असे नाव काढले, की ‘लातूर पॅटर्न’ हा शब्द महाराष्ट्रभर रूढ झाला. राजर्षी शाहू महाविद्यालय, दयानंद महाविद्यालय अशा संस्थांतील प्राध्यापकांनी पदरमोड करून, सुट्ट्या विसरून मुलांना शिकवले. पुण्यामुंबईची मिरास असलेल्या गुणवत्ता याद्यांत मराठवाड्याची नावे झळकली, तेव्हा आम्हा नांदेडकरांचीही छाती फुगली होती. तथापि त्या श्रमांतून पुढे जे उभे राहिले ते पाहा. एकेका खोलीत तीन-तीन पलंग, भिंतीवर वेळापत्रक, मेसचा डबा, आणि वर्गात शेकड्यांनी मुले. आमच्या नांदेडच्या भाग्यनगरातही चित्र निराळे नाही. २०२४ साली नीट परीक्षेच्या पेपरफुटीच्या चौकशीचे धागे लातूरपर्यंत पोहोचले, ते वाचून मन विषण्ण झाले. ज्या गावाने गरिबांच्या मुलांना मेहनतीचा रस्ता दाखवला, त्या गावाचे नाव अशा बातमीत यावे!

शहर कसे निवडू नये याचा एक जुना दाखला आपल्या बायबलमध्येच आहे. अब्राहाम आणि लोट यांचे कळप वाढले, गुराख्यांत तंटे होऊ लागले, तेव्हा काका मोठ्या मनाने पुतण्याला म्हणाला की आधी तू निवड. लोटाने डोळे वर करून पाहिले. यार्देनेचे खोरे हिरवेगार, पाण्याने भरलेले दिसले. शेजार कोणाचा, हे त्याने विचारले नाही. सदोमाजवळ तंबू ठोकला आणि पुढे काय झाले ते आपण जाणतो. आज आपले लोट पाणी पाहत नाहीत, पगाराचा आकडा पाहतात एवढाच फरक. पाणी पाहिले असते तरी बरे झाले असते! २०१६ च्या उन्हाळ्यात मांजरा धरण आटले आणि लातुरात पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदीचा हुकूम लावावा लागला. १२ एप्रिल रोजी मिरजेहून पाच लाख लिटर पाणी घेऊन पहिली रेल्वेगाडी आली, ती पाहायला लोक फलाटावर जमले. ज्या शहरात आपण दोन-दोन वर्षांसाठी मुले पाठवत होतो, त्या शहराला पाणी कुठून येते हा प्रश्न तोवर किती पालकांनी विचारला होता? मी तरी विचारला नव्हता.

आता यावर ठरलेला आक्षेप येईल, आणि तो पोकळ नाही. “काका, नोकऱ्या पुण्यात आहेत. नांदेडात राहून करायचे काय? उस्मानशाही मिलचा भोंगा बंद होऊन किती वर्षे झाली!” हे खरे आहे. मराठवाड्यातल्या तरुणाला बाहेर पडावे लागते यात त्याचा दोष नाही. १९५३ च्या नागपूर कराराने मराठवाड्याला नोकऱ्यांत आणि खर्चात न्याय्य वाटा देण्याचे वचन दिले. १९८४ साली दांडेकर समितीने अनुशेषाचा हिशोब मांडला. घटनेच्या ३७१ (२) कलमाखाली १९९४ मध्ये वैधानिक विकास मंडळ आले, आणि एप्रिल २०२० मध्ये त्याची मुदत संपली तेव्हा ती वाढवण्याची निकड सरकारला वाटली नाही. इतकी वर्षे वचने ऐकल्यावर विशीतल्या मुलाने आणखी थांबावे असे मी कोणत्या तोंडाने सांगू? लातूरला रेल्वे डब्यांचा कारखाना उभा राहिला याचा आनंद आहे, परंतु एका कारखान्याने दोन जिल्ह्यांच्या पोरांची पोटे भरत नाहीत.

‘आपल्या मातीत राहा’ असा उपदेश करणाऱ्यांचा मला म्हणूनच मनस्वी राग येतो. माती कोणाची, हा प्रश्न आधी विचारा. आपल्या धर्मग्रामातील कित्येक घरांच्या आज्या-आजोबांनी गाव सोडले ते हौसेने नव्हे. गावाच्या विहिरीवर त्यांना जागा नव्हती. १९७८ च्या नामांतर आंदोलनात याच नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णीला पोचीराम कांबळे यांची निर्घृण हत्या झाली. त्या दिवसांची दहशत आमच्या पिढीने पाहिलेली आहे. खेडी सोडून शहरे गाठा, असे बाबासाहेब सांगत होते ते उगाच नाही. आपले आजोबा नांदेडला आले, कोणी रेल्वेत लागले, कोणी मिलमध्ये, कोणी मिशनच्या शाळेत शिपाई झाले. ती खरी निवड होती. त्यांना नेमके ठाऊक होते की आपण कशापासून दूर जात आहोत आणि कशासाठी.

नातवाला हे ठाऊक असते काय? त्याला सांगितलेले असते की पुण्यात जात कोणी विचारत नाही. मी स्वतः मुलीसाठी पुण्यात खोली पाहायला गेलो होतो. घरमालकांनी चहा दिला, भाडे सांगितले, आणि मग अगदी सौम्य शब्दांत आडनाव विचारले, मूळ गाव विचारले, आणि ‘तुम्ही ख्रिश्चन म्हणजे आधीचे कोण?’ असेही विचारले. दुसऱ्या दिवशी खोली दुसऱ्या कोणाला गेल्याचे कळले. एका घरावरून मी शहराला नावे ठेवत नाही. पुण्यात आपल्या माणसांना मनाने सामावून घेणारी घरेही आहेत आणि मोठी, जागती धर्मग्रामेही आहेत. तरीपण जे टाळण्यासाठी आपण साडेचारशे किलोमीटर गेलो, ते तिथे पाय धुऊन आपल्या आधी बसलेले असू शकते, हे मुलांना सांगितले पाहिजे.

पैशाचाही हिशोब उघडपणे मांडला पाहिजे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या राहिल्या. १९५६ मध्ये शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना त्या मिळाल्या, आपल्याला नाहीत. परिणामी एकाच वस्तीतली, एकाच गरिबीतली दोन मुले पुण्याला निघाली, तर एकाला अनुसूचित जातीची शिष्यवृत्ती मिळते आणि दुसऱ्याच्या बापाला पतपेढीची पायरी चढावी लागते. हा अन्याय आहे आणि त्याविरुद्ध लढलेच पाहिजे. पण तो दूर होईतो, कर्जाचा हप्ता चार वर्षे कोण भरणार हे न विचारता ‘सगळ्यांचीच पोरे जातात’ म्हणून पाठवणे याला मी महत्त्वाकांक्षा म्हणत नाही.

इथे राहून मोठे होता येत नाही, हा दुसरा समज. नरहर कुरुंदकर नांदेडच्या पीपल्स कॉलेजात शिकवत होते, पुढे तिथेच प्राचार्य झाले. महाविद्यालयीन परीक्षांत नापास झालेला हा माणूस बोलायला उभा राहिला की पुण्यामुंबईचे विद्वान कान देऊन ऐकत. १९८२ मध्ये ते गेले तोवर त्यांचा पत्ता नांदेडच राहिला. डॉ. जनार्दन वाघमारे यांनी लातुरात शाहू महाविद्यालय घडवले आणि १९९४ साली नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ निघाले तेव्हा त्याचे पहिले कुलगुरूपद सांभाळले. अर्थात हे दाखले देताना माझी जीभ थोडी अडखळते. कुरुंदकरांना कायम नोकरी होती. आज त्याच दर्जाचा तरुण तासिका तत्त्वावर राबतो आणि उन्हाळ्याच्या सुटीत त्याला मानधन नसते. म्हणून मी कुरुंदकरांचे नाव घेऊन कोणाला इथे बांधून ठेवणार नाही. नांदेड हा शब्द पराभवाचा पर्याय नाही, एवढेच त्या नावाने सिद्ध होते, आणि मला तेवढे पुरे आहे.

आणि जायचेच असेल, तर पुणेच का? नांदेडहून हैदराबाद पुण्याच्या मानाने कितीतरी जवळ आहे. १९५६ पर्यंत ते आपल्या राजधानीचे शहर होते. आपल्या आधीच्या पिढ्या उस्मानिया विद्यापीठात शिकल्या, तिथल्या विवेकवर्धिनीसारख्या संस्थेने मराठी मुलांना मराठीत शिकवले. देगलूर-बिलोलीकडची मंडळी आजही आजारी पडली की हैदराबादचा रस्ता धरतात. आजारपणात जे शहर आपले, ते नोकरीच्या वेळी परके कसे होते? मला वाटते, याचे कारण पगारात नाही, चर्चच्या आवारात आहे. ‘हैदराबाद’ म्हटल्यावर पुरेसा मान मिळत नाही, म्हणून ते शहर आपल्या यादीतून गळते.

माझ्या मुलीने परिचारिकेचे शिक्षण पूर्ण केले, तेव्हा तिच्यापुढे पुण्याची आणि लातूरची अशा दोन नोकऱ्या होत्या. पुण्याचा पगार जास्त होता. मी बाप म्हणून ‘पुणे’ म्हणालो, आणि खरे सांगायचे तर माझ्या डोळ्यांपुढे तेव्हा तिच्यापेक्षा रविवारचे आवार होते. तिने वहीचे एक पान फाडले आणि लिहीत बसली. खोलीचे भाडे, डबा, रात्रपाळीहून परतण्याचा रिक्षाखर्च, गावी येण्याजाण्याचे तिकीट. पुण्याहून यायचे म्हणजे ट्रॅव्हल्सची सबंध रात्र. लातूरहून सकाळच्या एस.टी.ने निघाले तर दुपारचे जेवण घरी. माझ्या पत्नीच्या गुडघ्यांचाही तिने हिशोब धरला होता. मी म्हणालो, “अगं, ते आम्ही पाहू.” ती म्हणाली, “पप्पा, तुम्ही पाहणार नाही, मला ठाऊक आहे.” पानाच्या तळाशी हातात उरणारी रक्कम दोन्हीकडे जवळपास सारखीच निघाली.

ती लातूरला गेली. त्या रविवारी आवारात मला विचारणा झाली आणि माझा आवाज खाली आला. पुस्तीही जोडली गेली. शेजारी उभी असलेली माझी पत्नी तिथल्या तिथे म्हणाली, “प्रयत्न कसले? नोकरी लागली आहे तिला.” मला लाज वाटली, आणि ती वाटणे योग्यच होते.

याला आता तीन वर्षे झाली. मागच्या महिन्यात तिला नाशिकच्या एका इस्पितळातून बोलावणे आले आहे. पुन्हा वहीचे पान फाडले गेले असणार. तिने अजून काही कळवलेले नाही आणि मीही विचारलेले नाही.