वारस तलाठी ठरवत नाही, नोंदवतो!

शेतकरी भावांनो, मायबहिणींनो,

मुंबईच्या हार्बर लाईनवर रे रोडच्या पुढचे स्टेशन कॉटन ग्रीन. नाव आपल्या पिकाचे, पण आपण तिकडे जातो ते हमालीला. कोरडवाहूत भागत नाही म्हणून घरटी एकजण रे रोडच्या गोदामात नाहीतर दारूखान्यात खपतो. तो तिथेच मेला, की त्याच्या विधवेचे हेलपाटे सुरू.

मृत्यू जिथे घडला तिथेच त्याची नोंद, असा १९६९ चा कायदा. म्हणून दाखल्यासाठी मुंबई महापालिका गाठायची. तो आणला, की गावात उत्तर मिळते, "कोर्टाचा वारस दाखला आणा." आम्ही विचारतो, कोणत्या कायद्याने?

जमीन महसूल संहिता, १९६६, कलम १४९ वाचा. वारसाने तीन महिन्यांत तोंडी किंवा लेखी कळवावे. तलाठ्याने ताबडतोब लेखी पोच द्यावी. कलम १५० प्रमाणे फेरफाराची नोंद, चावडीवर नोटीस, पंधरा दिवसांनंतर मंडळ अधिकाऱ्याने प्रमाणित करणे. हरकत आली तर तक्रार नोंदवही. बिनतक्रार नोंदीला कोर्ट कशाला?

कोर्टाचे काम वेगळे. मयताचे येणे वसूल करण्याचे प्रमाणपत्र १९२५ च्या उत्तराधिकार कायद्याखाली न्यायालय देते. ते जमिनीचे नव्हे. १८२७ च्या मुंबई रेग्युलेशनखालचा वारस दाखलाही न्यायालयाचाच. मालकीचा वाद तलाठी मिटवू शकत नाही, तहसीलदारही नाही. फेरफाराने मालकी जन्मत नाही.

मग हाच तलाठी साध्या कागदावर बहिणीचे नाव कसे गाळतो? हक्कसोड नोंदणीकृतच हवी. आणि भावांनो, तो कागद पुढे कोण करतो? आपणच! सरकारला जाब विचारायचा तर आधी घरात हिशेब चोख हवा.

१ एप्रिल २०२५ पासून सरकारने राज्यभर 'जिवंत सातबारा' मोहीम काढली. मेलेल्यांच्या नावावर सातबारे पडून होते, याची ही सरकारी कबुलीच. तलाठ्याचे नाव ग्राम महसूल अधिकारी झाले. काम तेच राहिले.

मेलेल्या माणसाला पीककर्ज मिळत नाही. पऱ्हाटी-ज्वारीची पेरणी कोणासाठी थांबत नाही. म्हणून तोंडी विनवण्या बंद. अर्ज लेखी द्या, पोच घ्या, नकार दिला तर तोही लेखी मागा. त्या पोचा घेऊन बैठकीला या. पुढचे आपण मिळून बघू.