फाइल कोणाच्या ताब्यात?

संगणकावरचं रोजचं काम मार्गी लागायचं तर त्यासाठी खास ॲप हवं, असं मानणाऱ्यांचा आता एक संप्रदायच झाला आहे. त्यातला माणूस ओळखायला सोपा. टिपणांसाठी त्याच्याकडे एक ॲप असतं, कामांच्या यादीसाठी दुसरं, वाचायच्या लेखांसाठी तिसरं आणि ही तिन्ही एकत्र करणारं चौथं त्याला नुकतंच सापडलेलं असतं. शनिवार-रविवार जुन्यातून नव्यात सामान हलवण्यात जातो, रंग ठरतात, लेबलं लागतात. ज्या कामासाठी हा खटाटोप केला ते काम सोमवारी आहे तिथंच असतं. नव्याचे नऊ दिवस सरले की पाचव्याचा शोध सुरू.

पण नुसती थट्टा करून हा वाद मिटत नाही, कारण त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. माणूस विसरभोळा असतो. फोनवर कुणी सांगितलेला पत्ता, वीजबिलाची तारीख, अर्धवट सुचलेला मुद्दा हे सगळं एका जागी असावं, शोधता यावं, खिशातल्या फोनवरही दिसावं, ही अपेक्षा रास्तच आहे. चार जणांना एकाच तक्त्यावर काम करायचं असेल तर गूगल शीट्ससारखी सोय नाही. सोसायटीच्या वर्गणीचा हिशेब मेलवरून फिरवणाऱ्या कुणालाही विचारा. ‘फायनल’, ‘फायनल नवी’ आणि ‘फायनल हीच’ यांतली खरी फाइल कुठली, हे त्यालाही सांगता यायचं नाही. माझा आक्षेप सोयीला नाही. सोयीच्या बदल्यात आपण आपलं लिखाण कुठल्या रूपात, कोणाच्या हवाली करतो हे कुणी विचारतच नाही, आक्षेप त्याला आहे.

उदाहरणं फार जुनी नाहीत. ब्लॉग आणि बातम्या एका जागी वाचण्याची सवय ज्याने लावली ते गूगल रीडर १ जुलै २०१३ ला बंद झालं. फोटोंची छान व्यवस्था लावून देणाऱ्या पिकासाचं काम गूगलने २०१६ मध्ये थांबवलं. बर्लिनमध्ये तयार झालेलं वंडरलिस्ट हे कामांच्या यादीचं ॲप मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये विकत घेतलं आणि ६ मे २०२० ला बंद करून टाकलं. एव्हरनोट या टिपणांच्या ॲपचं बोधचिन्ह हत्तीचं. हत्ती काही विसरत नाही म्हणे. त्याची मालकी बेंडिंग स्पून्स या इटलीतल्या कंपनीकडे गेली आणि डिसेंबर २०२३ मध्ये फुकट वापरणाऱ्यांवर ५० टिपणांची मर्यादा आली. जुनी टिपणं वाचता येत होती, पण पन्नाशी ओलांडलेल्याला नवं लिहायचं तर पैसे भरायचे किंवा जुनं पुसायचं. यात कुणी लबाडी केली असं मी म्हणत नाही. दुकान त्यांचं, दर त्यांचे. आपण मात्र तिथं आपली दहा-दहा वर्षांची टिपणं ठेवली होती.

‘पैसे भरून घेतलं तर ॲप टिकतं’ हे उत्तर ठरलेलं आहे. वंडरलिस्टचीही पैसे देऊन घ्यायची आवृत्ती होती. ती टिकली नाही.

दुसरं उत्तर जरा वजनदार आहे: ‘एक्स्पोर्टची सोय असतेच की.’ असते. पण एक्स्पोर्ट म्हणजे घरमालकाने आपलं सामान पोत्यांत भरून रस्त्यावर आणून ठेवण्यासारखं आहे. वस्तू सगळ्या मिळतात, घर मिळत नाही. कुठलं टिपण कशाला जोडलं होतं, चित्र मजकुरात नेमकं कुठे होतं, कुठल्या कामावर खूण केली होती, ही घडी बहुधा वाटेतच विस्कटते. आणि एक्स्पोर्टचं बटण आपल्याला आठवतं ते बंद होण्याची सूचना मेलवर आल्यावर.

हा धोका मराठी माणसाला वेगळा समजावून सांगायची खरं तर गरजच नाही, आपण तो एकदा पुरेपूर भोगला आहे. नव्वदच्या दशकात मराठी मजकूर श्रीलिपी, आयएसएम अशा सॉफ्टवेअरांवर आणि त्यांच्या त्यांच्या फॉन्टांत टंकला जाई. त्यातल्या बहुतेक फॉन्टांत देवनागरीचे आकार रोमन अक्षरांच्या आणि चिन्हांच्या जागांवर बसवलेले असत. पडद्यावर ‘महाराष्ट्र’ दिसे, पण संगणकाच्या लेखी ती रोमन अक्षरांची आणि स्वल्पविराम-कंसांची खिचडी असे. फॉन्ट आहे तोवर सगळं सुरळीत. संगणक बदलला, फॉन्ट गेला, की खिचडी उघडी पडली. पंचवीस वर्षांपूर्वीच्या अंकाची फाइल आज उघडून बघा, असं कुठल्याही दिवाळी अंकाच्या संपादकाला सांगा. कथा तिथंच आहे, हरवलेली नाही. फक्त वाचता येत नाही आणि शोधताही येत नाही.

तो मजकूर युनिकोडमध्ये आणणारी कन्व्हर्टर आहेत. ती वापरलेल्या माणसाला त्यांचा त्रासही ठाऊक आहे. जुन्या फॉन्टांत पहिली वेलांटी दिसते तशी साठवली जाई, म्हणजे आधी वेलांटी, मग अक्षर. युनिकोडमध्ये उच्चाराचा क्रम आहे: आधी क, मग त्याची वेलांटी. एकट्या अक्षराचं स्थलांतर जमतं. जोडाक्षरावर वेलांटी आली, त्यात रफार आला, की कन्व्हर्टर अडखळतं आणि ‘आर्थिक’चा रफार भलत्याच अक्षराच्या डोक्यावर जाऊन बसतो. मग मुद्रितशोधकाने पुन्हा ओळ न् ओळ वाचायची.

त्या काळी ज्यांनी ते फॉन्ट केले त्यांना दोष देणं कृतघ्नपणाचं होईल. देवनागरी युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत, १९९१ सालीच आली होती, पण घराघरांतल्या विंडोजवर ती नीट दिसायला नवं शतक उजाडावं लागलं. एक्सपीच्या काळातसुद्धा भारतीय भाषांचा आधार सीडी घालून चालू करावा लागे. तेव्हा पर्याय नव्हता. आज आहे. तरीही मजकूर जुन्याच फॉन्टात मागणारी कार्यालयं आणि तसाच देणारे लेखक अजून भेटतात, आणि ‘आमचं चाललंय की’ असं सांगतात. चाललंय, ते संगणक चालतोय तोवर.

आता मंडनाकडे येतो. माझी कसोटी एकच आहे: हे सॉफ्टवेअर उद्या पुसलं तर माझं काम दुसऱ्या कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये उघडेल का? उघडत असेल तर ते चांगलं, मग ते दिसायला कितीही ओबडधोबड असो.

या कसोटीला पहिलं उतरतं ते विंडोजमधलं नोटपॅड. हे १९८५ पासून, पहिल्या विंडोजपासून आहे. त्याची चेष्टा करणाऱ्यांना त्याचा एक गुण बहुधा ठाऊक नसतो. कोऱ्या फाइलच्या पहिल्या ओळीत टिंब देऊन त्याला जोडून इंग्रजी मोठ्या लिपीत ‘लॉग’ हा शब्द टाइप करा आणि फाइल जतन करा. पुढच्या वेळी ती उघडली की शेवटी त्या दिवसाची तारीख आणि वेळ आपोआप पडलेली असते, खाली लिहायला सुरुवात करायची. मधेच वेळ टाकायची असेल तर एफ ५. रोजनिशी झाली, फोनवरच्या बोलण्यांची नोंदवही झाली. खातं काढायचं नाही, पासवर्ड नाही, वर्गणी नाही. या लेखाएवढा मजकूर अशा फाइलीत २५-३० किलोबाइट जागा घेतो आणि लिनक्सवर, मॅकवर, स्वस्तातल्या फोनवर, कुठेही वाचता येतो. अलीकडे खुद्द नोटपॅडमध्येही मजकूर एआयकडून लिहवून घेण्याची बटणं आली आहेत. ती त्याला शोभत नाहीत, पण मला फरक पडत नाही. माझी निष्ठा फाइलवर आहे, नोटपॅडवर नाही. उद्या ते बिघडलं तर नोटपॅड प्लस प्लस आहे, तेही नसलं तर आणखी दहा आहेत.

‘पण शेकडो फाइलींत हवी ती सापडायची कशी?’ प्रश्न योग्य आहे आणि त्याला उत्तर आहे. व्हॉइडटूल्सचं ‘एव्हरीथिंग’ नावाचं चिमुकलं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. डिस्कवरच्या प्रत्येक फाइलची नोंद विंडोज एका मुख्य तक्त्यात ठेवतच असतं. एव्हरीथिंग फोल्डरांतून हिंडत न बसता तो तक्ताच वाचतं. म्हणून नावातली दोन-तीन अक्षरं टाइप होईपर्यंत यादी समोर येते. देवनागरी नावंही ते तितक्याच चपळाईने शोधतं. फाइलच्या नावात आधी वर्ष, मग महिना, मग दिवस लिहिण्याची शिस्त ठेवली की यादी आपसूक कालक्रमाने लागते. एवढ्यावर बहुतेकांचं ‘नॉलेज मॅनेजमेंट’ भागतं.

मराठी टंकायला इन्स्क्रिप्ट, हे माझं आणखी एक मत, आणि यावर हमखास भांडण होतं. ‘रोमनमध्ये उच्चार टाइप केला की मराठी उमटतं, मग नवा कळफलक शिकायचा कशाला?’ कारण फोनेटिकमध्ये प्रत्येक मराठी शब्दाचं मनात आधी इंग्रजी स्पेलिंग करावं लागतं, आणि ते प्रत्येक कंपनीचं निराळं. शिवाय विंडोजवर इंटरनेटविना चालणारं गूगलचं इनपुट टूल लोकांच्या बोटांत बसल्यावर ते डाउनलोडसाठी मिळेनासं झालं, तेव्हा कितीजण अडले ते आठवा. इन्स्क्रिप्ट हे भारत सरकारचं प्रमाण आहे आणि विंडोज, लिनक्स, दोन्हीत आधीपासून बसवलेलं असतं. त्याची रचनाही आपल्या वर्णमालेची जाण ठेवणारी आहे. स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, व्यंजनं बहुतेक उजव्या हाताला. क च्या कळीवर शिफ्टसह ख, ग वर घ, त वर थ, द वर ध. ल वर शिफ्ट दिला की ळ. पहिले काही दिवस बोटं चुकतात, चिडचिड होते. मग स्पेलिंगचा विचार सुटतो तो कायमचा.

साधन जितकं हुशार तितकं चांगलं, ही समजूतही तपासून घ्यायला हवी. एक्सेलमध्ये कोल्हापूरचा ०२३१ हा एसटीडी कोड लिहा. रकान्याचं स्वरूप आधी ‘टेक्स्ट’ केलं नसेल तर पुढचं शून्य गायब होतं, कारण ती संख्या आहे असं एक्सेलने ठरवलेलं असतं. जनुकांच्या नावांचंही असंच झालं. ‘मार्च १’, ‘सेप्ट १’ अशी आखूड नावं एक्सेल तारखा समजून बदलत राहिलं, शोधनिबंधांच्या तक्त्यांत चुका शिरल्या, आणि शेवटी २०२० मध्ये मानवी जनुकांची नावं ठरवणाऱ्या समितीने ती नावंच बदलली. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये कोविडचे १५,८४१ रुग्ण काही दिवस आकडेवारीतून निसटले, कारण जुन्या एक्सेल फाइलीत ६५,५३६ च्या पुढे ओळी मावत नाहीत. एक्सेल वाईट आहे असा याचा अर्थ नाही. १९७९ च्या व्हिजिकॅल्कपासून आलेली ही तक्त्याची कल्पना घरगुती संगणकाला मिळालेली सर्वांत मोठी देणगी आहे, असं मी मानतो. तक्त्याचं काम तक्त्यात करा. मूळ याद्या मात्र साध्या सीएसव्ही फाइलीत ठेवा.

माझ्याच बाजूच्या काही अतिरेक्यांचंही खंडन करायला हवं. यांच्या मते विम शिकला नाही तो मागासलेला, आणि विंडोज वापरतो त्याला बोलण्याचा अधिकार नाही. ब्राम मोलेनार यांचं विम हे मजकूर लिहिण्याचं असामान्य सॉफ्टवेअर आहे यात वाद नाही, पण बँकेतून निवृत्त झालेल्या गृहस्थांनी नातवाच्या मुंजीची यादी करायला ते का शिकावं? साध्या फाइलीचा आग्रह धरणाऱ्याने सोपेपणाचाही धरावा. तसंच ‘मुक्त स्रोत नाही ते वर्ज्य’ हेही मला पटत नाही. ऑब्सिडियन मुक्त स्रोत नाही, पण त्यातली टिपणं आपल्याच फोल्डरमध्ये साध्या मजकुराच्या फाइली म्हणून राहतात. ते माझ्या कसोटीला पूर्ण उतरतं. वर्डचं म्हणाल तर त्याची आजची फाइल आतून एक झिप असते. ती उघडेनाशी झाली, तर तिची प्रत काढून नावाच्या शेपटाला झिप लावा आणि सेव्हन-झिपने उघडा. आतल्या वर्ड नावाच्या फोल्डरात डॉक्युमेंट नावाची एक्सएमएल फाइल असते. बिघाड फार खोल नसेल तर खुणांच्या जंगलात का होईना, आपलं प्रकरण तिथं सापडतं. गोठ्यात बांधलेलं असलं तरी दावं सोडता येतं, एवढं मला पुरे आहे.

हार्ड डिस्क मेली तर साधी फाइलही मरते, हा शेवटचा आक्षेप पूर्ण खरा आहे. म्हणून एक प्रत बाहेरच्या डिस्कवर आणि एक कुठल्याही क्लाउडवर ठेवावी. तिथं क्लाउडचं काम फक्त गोदामाचं राहतं. ते बंद पडलं तर दुसरं गोदाम बघता येतं.

तेव्हा वाचकांना एवढंच सांगणं. ज्या ॲपवर तुमचा सर्वांत जास्त भरवसा आहे ते आज उघडा, त्यातलं एक्स्पोर्टचं बटण शोधा आणि बाहेर पडलेली फाइल नोटपॅडमध्ये उघडून बघा. तुमचं मराठी त्यात वाचता येत असेल तर ते ॲप खुशाल वापरत राहा. येत नसेल, किंवा बटणच सापडत नसेल, तर पुढचं टिपण तिथं लिहू नका.