समुद्र डोंगरात शिरतो तेव्हा

वाचकहो, समुद्र पाहावयाचा म्हणजे किनाऱ्यावर उभे राहावयाचे, अशीच आपली कल्पना असते. परंतु नॉर्वेच्या पश्चिम भागात समुद्रच डोंगरांच्या पोटात शिरला आहे. अशा चिंचोळ्या व खोल जलमार्गास ‘फियॉर्ड’ म्हणतात. त्यांपैकी सुमारे १५ किलोमीटर लांबीचा गायरांगर फियॉर्ड नावेतूनच पाहावा.

हेलेसिल्ट गावाहून निघालेली नाव तासाभरात गायरांगरला पोहोचते. दोन्ही बाजूंस उत्तुंग कडे उभे असतात. एका कड्यावरून ‘सात बहिणी’ हा जलप्रपात कोसळतो. त्याची सर्वांत उंच धार सुमारे २५० मीटरची आहे. समोरचा एकटा धबधबा म्हणजे या बहिणींना मागणी घालणारा वर, असे तेथील लोक कौतुकाने सांगतात.

ही किमया हिमनद्यांची. बर्फाच्या प्रचंड ओघांनी दऱ्या खोल कोरून काढल्या, त्यांच्या बाजू उभ्या तासल्या आणि बर्फ वितळल्यावर तेथे समुद्राचे पाणी शिरले. मात्र बर्फाचा आधार गेला आणि कडे उघडे पडले. जे सौंदर्याचे कारण, तेच भयाचेही!

कड्यांच्या अरुंद कंगोऱ्यांवर पूर्वी शेतकरी कुटुंबे राहत. सारा वसूल करणारा अधिकारी येताना दिसला की स्कागेफ्लो येथील माणसे शिडी वर ओढून घेत, अशी कथा आहे. समोरच्या क्निव्सफ्लो येथील कुटुंबांनी मात्र डोक्यावरील खडकाच्या भीतीने १८९८ मध्ये घरे सोडली. ती भीती व्यर्थ नव्हती. ७ एप्रिल १९३४ रोजी जवळच्याच ताफियॉर्डमध्ये डोंगराचा भाग कोसळला आणि उसळलेल्या लाटांनी ४० जणांचा बळी घेतला.

आजही जवळचा ओकरनेसेटचा कडा दरवर्षी काही सेंटिमीटर सरकत आहे. तो कोसळल्यास लाट काही मिनिटांतच गावांत पोहोचेल. म्हणून शास्त्रज्ञ उपकरणांच्या साहाय्याने त्याच्यावर अहोरात्र पाळत ठेवतात. धोका वाढताच गावे रिकामी करण्याची योजनाही सिद्ध आहे.

२००५ मध्ये या फियॉर्डला जागतिक वारशाचा मान मिळाला. तेथील माणसांनी डोंगराशी वैर धरले नाही आणि त्याच्यावर आंधळा विश्वासही टाकला नाही. नावेतून वर पाहताना, वाचकहो, धबधब्यांइतकेच त्यांच्या या सावध धैर्याचेही नवल वाटते.