व्यवहार आणि विवेक : दातांचे मुद्दल

भुसार मालाचा व्यापारी पोत्यात नळी खुपसून नमुना काढल्याशिवाय सौदा करीत नाही. सराफ कसोटीवर घासल्याशिवाय सोन्याचा भाव सांगत नाही. पारख हेच ज्यांचे पिढीजात भांडवल, त्या घरांतही कधी कधी असा एखादा व्यवहार होऊन जातो, की ज्यात ना नमुना पाहिला जातो, ना दुसरीकडे चौकशी केली जाते. सौंदर्यासाठी केले जाणारे दंतोपचार हे त्याचे अलीकडचे उदाहरण होय.

अशाच एका भुसार व्यापाऱ्याच्या २६ वर्षांच्या कन्येची ही हकिकत. पुढच्या दोन दातांत किंचित फट आणि लहानपणी पडल्यामुळे एका दाताचा तुटलेला कोपरा, एवढेच काय ते वैगुण्य. साखरपुडा तीन आठवड्यांवर आला होता. जाहिरात पाहून शहरातील एका चकचकीत दवाखान्यात वरच्या आठ दातांवर पोर्सलिनची व्हिनिअर बसवून घेण्यात आली. दात पांढरे झाले खरे. परंतु सगळे एकाच साच्यातून काढल्यासारखे, जाड आणि निर्जीव दिसू लागले. ‘फ’ आणि ‘व’ उच्चारताना जीभ-ओठ अडखळू लागले. थंड पाण्याने कळ येई आणि घासताना हिरड्यांतून रक्त येई. साखरपुड्याच्या एकाही छायाचित्रात ती दात दाखवून हसलेली नाही. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

व्हिनिअर म्हणजे दाताच्या दर्शनी भागावर चिकटवलेला पोर्सलिनचा पातळ पापुद्रा. तो बसावा म्हणून दाताचे वरचे कठीण आवरण, म्हणजेच इनॅमल, बहुधा ०.३ ते ०.७ मिलिमीटर घासावे लागते. गरजेपेक्षा कमी घासले तर दात फुगीर दिसतो; जास्त घासले तर आतला मऊ थर उघडा पडतो, कळा येतात आणि चिकटण्याची पकडही कमी होते. हिरडीलगतची कड नीट जुळली नाही तर तेथे अन्नकण साचून हिरडी सुजते. आणि इनॅमल शरीर पुन्हा तयार करीत नाही. ते मुद्दल आहे. एकदा खर्ची पडले की परत जमा होत नाही.

काम बिघडल्याचे दिसताच वडिलांचा पहिला विचार असा, की दुसऱ्याच दिवशी आणखी मोठ्या दवाखान्यात जाऊन सारे काढून टाकावे. त्यांच्या जुन्या दंतवैद्यांनी त्यांना थांबवले. घाईने झालेली चूक घाईने दुरुस्त होत नाही, हे त्यांचे म्हणणे. त्यांच्या सल्ल्यावरून प्रथम तक्रारी मुद्देसूद लिहून काढल्या गेल्या: रंग, जाडी, उच्चार, कळ, रक्त. छायाचित्रे, पावत्या व क्ष-किरण चित्रे एकत्र केली गेली. मग मूळ दवाखान्यातच शांतपणे बोलणे झाले. तेव्हा एक अप्रिय सत्यही पुढे आले. मुदतीची घाई कुटुंबाचीच होती आणि रंग निवडताना ‘सगळ्यांत पांढरा’ एवढेच सांगितले गेले होते. दोष एकाच पारड्यात टाकता येत नाही, हे अनेकान्त मानणाऱ्या घराला पटायला वेळ लागला नाही. दवाखान्याने कडा घासून गुळगुळीत करून दिल्या. त्याने उच्चार थोडे सुधारले, पण हिरड्यांची सूज गेली नाही.

त्यानंतर दुसऱ्या तज्ज्ञाचे मत घेतले गेले. निवड करताना या वेळी पारख झाली. आपल्या देशात ‘कॉस्मेटिक डेंटिस्ट’ अशी स्वतंत्र एम.डी.एस. शाखा नाही, पाटीवरील त्या शब्दांवरून कौशल्य ठरत नाही. अशा कामाचे पदव्युत्तर शिक्षण मुख्यतः प्रॉस्थोडॉन्टिक्स आणि कॉन्झर्व्हेटिव्ह डेंटिस्ट्री या शाखांत मिळते. राज्य दंतपरिषदेकडील नोंदणी पाहिली गेली. स्वतः केलेल्या रुग्णांची आधीची, नंतरची आणि काही वर्षांनंतरची छायाचित्रे मागितली गेली. पोर्सलिन घडवणारी प्रयोगशाळा कोणती आणि काम बिघडल्यास खर्च कोणाचा, हेही लेखी घेतले गेले.

नव्या तज्ज्ञांनी आधी हिरड्या बऱ्या होऊ दिल्या. मग दातांच्या साच्यावर मेणाने नवा आकार घडवला आणि त्याबरहुकूम तात्पुरती आवरणे बसवून दिली. दोन आठवडे ती लावून मुलीने जेवून पाहिले, बोलून पाहिले, उजेडात आरसा पाहिला आणि दोन बदल सुचवले. हाच तो नमुना, जो पहिल्या वेळी कोणी मागितलाच नव्हता. पोर्सलिनचा रंग नंतर ब्लीचिंगने बदलत नाही. म्हणून नकार द्यायचा तो कायमचे चिकटवण्यापूर्वीच.

काम उत्तम झाले. परंतु हिशेबाची दुसरी बाजूही त्या तज्ज्ञांनी लपवली नाही. तुटलेला कोपरा काँपोझिटने भरता आला असता, फट तारेने मिटली असती. सहा निरोगी दात घासण्याची गरजच नव्हती. चांगली निगा राखली तर व्हिनिअर साधारण १० ते १५ वर्षे टिकतात. म्हणजे २६ व्या वर्षी घेतलेल्या या निर्णयाचा हप्ता तिला आयुष्यात अनेकदा भरावा लागणार आहे.

समजुतीने मार्ग निघाला नाही, तर राज्य दंतपरिषद आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ अन्वये जिल्हा आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर मार्गदर्शन मिळते. मात्र मनासारखे दिसले नाही, एवढ्यावरून निष्काळजीपणा सिद्ध होत नाही; त्यासाठी कागदपत्रे व तज्ज्ञाचे मत लागते. या कुटुंबाने तो मार्ग धरला नाही. गेलेले इनॅमल निकालाने परत येणार नव्हते.

लग्नाच्या छायाचित्रांत ती मोकळेपणाने हसली आहे. धाकट्या बहिणीनेही पुढे दातांचा विषय काढला, तेव्हा वडिलांनी एकच प्रश्न विचारला, “घासल्याशिवाय होण्यासारखे काय आहे, ते आधी विचारलेस का?” मुनिमहाराज प्रवचनात ज्या जयणेचा उपदेश करतात, ती पाऊल टाकण्यापूर्वीची सावधानता होय. पाऊल पडून गेल्यावर उरतो तो केवळ पश्चात्ताप.