न घडलेल्या अनर्थाचे श्रेय

३१ डिसेंबर १९९९ च्या मध्यरात्री जगभर अनेक बँकांत व कचेऱ्यांत माणसे नववर्षाचा उत्सव सोडून संगणकांसमोर बसून होती. बारा वाजले, सन २००० उजाडले आणि किरकोळ बिघाड वगळता काहीच घडले नाही. दिवे जळत राहिले, खात्यांतील शिलका शाबूत राहिल्या. लागलीच प्रश्न निघाला : हा सारा बागुलबुवाच नव्हता काय?

मूळ दोष अगदी साधा होता. जुन्या छिद्रांकित कार्डावर ८० रकाने असत आणि संगणकाची स्मृती फार महाग होती. म्हणून सालातील आरंभीचे '१९' गाळून नुसते '७४' लिहिण्याची रीत पडली. कारकूनही नोंदवहीत तेच करतो. परंतु वही वाचणारा माणूस गाळलेले शतक मनाने भरून काढतो. यंत्राला ते साधत नाही. '००' म्हणजे १९०० असे धरून चालणारी आज्ञावली १९६५ साली जन्मलेल्या माणसाचे वय उणे पासष्ट ठरविणार होती. काही वर्षांपुरत्या म्हणून रचलेल्या आज्ञावल्या दशकानुदशके चालत राहिल्या. त्यांतील ओळी तपासून तारखा सुधारण्याचे कंटाळवाणे काम फार मोठ्या प्रमाणावर भारतीय तंत्रज्ञांनी केले.

कमी खर्च करणारे देशही सुखरूप राहिले, हा आक्षेप विचारात घेण्याजोगा आहे. काही खर्च अनाठायी झालाही असेल. पण दुरुस्तीच्या वेळी खरेखुरे दोष सापडले होते, हे त्यामुळे खोटे ठरत नाही. अनर्थ टळला की तो कधी संभवतच नव्हता असे वाटू लागते, ही मनुष्यस्वभावाची खोड आहे.

ही खोड संगणकापुरती नाही. चौथीतल्या मुलाचा अपूर्णांकांविषयीचा गैरसमज वेळीच दूर करणारा शिक्षक, सेवापुस्तकातील चुकीची जन्मतारीख निवृत्तीपूर्वी हेरणारा लिपिक, मृगापूर्वी गटार उपसणारा कामगार, यांच्या कर्तबगारीचा पुरावा म्हणजे काहीच न घडणे. बंब घेऊन धावणाऱ्याचा सत्कार होतो, तो योग्यच आहे. पण जळती विडी विझविणाऱ्याचे नाव कोणाला ठाऊक नसते. ज्या समाजात केवळ धावपळीलाच बक्षीस मिळते, तेथे कामे धावपळीची वेळ येईपर्यंत पडून राहतात.

अशीच आणखी एक तारीख समोर आहे. अनेक यंत्रणा १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद मोजून वेळ ठरवितात. जेथे ही मोजणी ३२ बिटांच्या जागेत होते, तेथे ती जागा १९ जानेवारी २०३८ रोजी अपुरी पडेल. बऱ्याच यंत्रणा सुधारल्या गेल्या आहेत. जुन्या, विस्मृतीत गेलेल्या यंत्रांचा शोध मात्र धीराने घ्यावा लागेल.

तोवर प्रत्येक कचेरीला आणि शाळेला एक गोष्ट करता येण्यासारखी आहे. वार्षिक अहवालात पार पडलेल्या कामांबरोबर वेळीच सुधारलेल्या चुकांचाही एक रकाना असावा. तो भरणे सोपे नाही, कारण जे घडले नाही त्याची नोंद करण्यासाठी ते कोणी टाळले हे विचारावे लागते. हा प्रश्न विचारण्याची सवय लागली, तरी पुष्कळ झाले.